दहा फोटोंचं शेवटचं पाकीट

६ ऑक्टोबर

बियाणं कंपनीची ही डायरी जानेवारीपासून दुकानात कोरी पडून होती. आज उघडली. कारण मनातलं सांगावं असं घरात कुणी नाही, आणि शेजारी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या वडवणीला कळतं.

पुण्याहून एक बाई आली आहे. नाव स्वप्ना. मूळची माजलगावची म्हणे, पण बोलण्यात पुणं. पस्तिशीच्या आतली, केस कापलेले, खांद्याला तीन पिशव्या. जागच्या जागी फोटो हातात देणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांवर ती पुस्तक लिहिते. कुणीतरी तिला सांगितलं की वडवणीला स्टँडजवळच्या सोमेश्वर फोटो स्टुडिओत तसला एक कॅमेरा आहे. सोमेश्वर म्हणजे आमचे हे. कॅमेरा माझ्या सासऱ्यांचा, आबांचा.

कॅमेरा खोटा नाही. दिवाळी झाली की इकडची माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. निघायच्या दिवशी ट्रक रस्त्यावर उभा असायचा आणि जोडी आमच्या दुकानात फोटोला यायची; घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी, पोरांपाशी फोटो ठेवून जायची. साधा फोटो धुऊन यायला आठ दिवस, तोवर जोडी कर्नाटकात. म्हणून आबांनी अठ्ठ्याऐंशी साली मुंबईहून तो पोलरॉइड आणला. दोन मिनिटांत फोटो हातात. पुढं फिल्म यायची बंद झाली, मोबाईल आले आणि कॅमेरा कपाटावर गेला.

हे सगळं त्या बाईला सांगताना ह्यांना इतकं हसू फुटत होतं की मागचा पडलेला दात दिसला. माझ्याशी बोलताना तो दात कधी दिसत नाही.

९ ऑक्टोबर

माझ्या फ्रिजात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी, आता फिल्म राहते. ऑक्टोबरचं ऊन तिला सोसत नाही. “दूध वरल्या कप्प्यात ठेव,” हे मला म्हणाले. बावीस वर्षांत माझ्या फ्रिजात कुठं काय ठेवायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर, आमच्याकडंच मुक्कामाला असलेल्या बाईंनी आपले कॅमेरे चटईवर मांडले आणि त्यांची वंशावळ सांगितली. सगळ्यांत आधी गुंडाळीची फिल्म होती. मग चपटं पाकीट आलं, आबांच्या कॅमेऱ्यात बसतं तसं. फोटो बाहेर ओढायचा, थांबायचं आणि वरचं पान सोलायचं. मग असा कॅमेरा निघाला की फोटो आपणच गुरगुरत तोंडातून बाहेर पडतो, सोलायचं काम नाही. त्याची बॅटरीसुद्धा फिल्मच्या पाकिटात. पुढं पोलरॉइड कंपनीनं फिल्म बनवणं सोडलं, तेव्हा हॉलंडातल्या काही माणसांनी शेवटचा कारखाना वाचवला. आणि आता जपानचे हे रंगीत, खेळण्यासारखे. त्यांचा फोटो एटीएम कार्डाएवढा. एकाची फिल्म दुसऱ्याला बसत नाही. ज्यांची बसते तिथंही उजेडाचं गणित वेगळं, म्हणजे फोटो जळतोच.

आबांच्या कॅमेऱ्याची फिल्म एक जपानी कंपनी दोन हजार सोळापर्यंत बनवत होती. तिनंही थांबवली. स्वप्नाकडं तसलं एकच पाकीट उरलं आहे. दहा फोटोंचं. मुदत कधीच संपलेली. तेच माझ्या कोथिंबिरीशेजारी.

हे कीर्तनाला बसल्यासारखे ऐकत होते. परवा मी भाचीच्या लग्नाचं सांगत होते तेव्हा हेच गृहस्थ घोरत होते.

मध्येच तिनं तो खेळण्यासारखा कॅमेरा माझ्यावर धरला. “वहिनी, इकडं बघा.” मी हात आडवा केला आणि आत गेले. फोटोत आला नुसता माझा तळवा आणि चार बांगड्या. “छान आलाय,” म्हणून तिनं तो वहीत जपून ठेवला. टोमणे मलाही कळतात.

१४ ऑक्टोबर

कॅमेऱ्याची दुरुस्ती चालू आहे. पुढं लोहाराच्या भात्यासारखी घडी आहे, तिला बारीक भोक होतं. ते काळ्या पट्टीनं बुजवायचं होतं. त्यासाठी दोघांची डोकी एका टेबलावर, एका दिव्याखाली, चार तास. गिऱ्हाईक आलं तरी मान वर नाही. पासपोर्ट फोटो मी काढले, मी छापले, मीच कापले. त्या दोघांचाच एक कोयता झालाय.

ती ह्यांना दादा म्हणते. दादा म्हटलं की सगळं माफ, हा बरा कायदा आहे.

आबा ओसरीतून कौतुक करत होते. “पोरगी लई हुशार हाय.” मग तिला म्हणाले, “आमच्या शीलाला बग. फोटो कापताना पट्टी लागत न्हाई तिला. नजरंनं कापती.” म्हणजे ती हुशार आणि मी कापणारी.

ती लगेच वही घेऊन माझ्याजवळ आली. “वहिनी, कापताना तुम्ही आधी कुठं बघता?”

“कात्रीकडं,” मी म्हटलं.

तिनं तेही लिहून घेतलं. बाईला लाज कशी ती नाही.

मी इतकं का जळते आहे, असा प्रश्न मला स्वतःला पडतो. ती काही वेडंवाकडं वागत नाही. पण माझं सत्य असं आहे की ह्या माणसानं सगळ्या तालुक्याचे चेहरे टिपले आणि बावीस वर्षांत माझा एक फोटो काढला नाही. लग्नाचे आहेत, ते दुसऱ्यानं काढलेले. आधार कार्डाचा सरकारनं काढला. मी सोसलं, कारण वाटायचं, माणूसच तसा आहे, कामात बुडालेला. आता कळतंय की बुडायला त्याला जागा लागते, आणि ती मी नव्हते.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. ती दिवाळीला माजलगावला गेली आहे. घर कसं हलकं वाटलं. करंज्यासुद्धा फुटल्या नाहीत.

ह्यांनी पूजेला आबांचा कॅमेरा मांडला. हळदकुंकू मीच वाहिलं. सवत घरात घेतली की तिला ओवाळायचंही आपणच.

पूजा आटोपली नाही तोवर तिचा फोन. हे अंगणात जाऊन बोलले. मी रांगोळी नीट करायच्या निमित्तानं बाहेर गेले तर, “बरं बरं, मग बोलू,” म्हणून ठेवून दिला.

२५ ऑक्टोबर

आज सकाळपासून स्टँडसमोर ट्रका लागल्या होत्या. भांडी, गोधड्या, शेळ्या, सगळा संसार वर चढत होता. आबांचा कॅमेरा पुन्हा सुरू झालाय हे कळल्यावर दुकानापुढं रांग लागली. कोणी म्हणत होतं, माझ्या आईबापाचा फोटो याच कॅमेऱ्यानं काढला होता.

माजलगावहून परतलेली स्वप्ना कळ दाबायची, हे पाकिटाची पट्टी ओढायचे, आबा खुर्चीत घड्याळ धरून बसायचे. आबांनी कळ दाबावी असं ती दोनदा म्हणाली. “आज नगं,” आबा म्हणाले. “माजी बारी येऊ दे.”

भागवत आणि दिपाली नावाची जोडी होती, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. बाळ आजीपाशी ठेवून निघालेली. दिपाली कॅमेऱ्याकडं बघेचना.

“वर बग की गं,” भागवत म्हणाला. “सा महिने लेकराला हाच चेहरा दिसणार हाय.”

तेव्हा तिनं वर बघितलं. दोन मिनिटांनी ह्यांनी पान सोललं आणि ती दोघं त्यात होती, ओलसर, थोडी हिरवट, पण होती. दिपालीनं फुंकर घातली. सोललेलं काळं पान स्वप्नानं बादलीत टाकलं आणि फोटो तिच्या हातात दिला. त्याचा मोबाईलवर नुसता एक फोटो काढून घेतला, बस्स. मी मनात म्हटलं, ही पुण्याहून एवढी आली, शेवटची फिल्म घालवली, आणि फोटो वाटून टाकते? मग नेणार काय? पण फोटोवाल्याच्या घरात बावीस वर्षं काढली आहेत. बाहेर येते ती प्रत, मूळ आत राहतं. ते ती नेणार.

आठ फोटो झाले. रांगेत अजून पाच-सहा जोड्या होत्या. हे उठले आणि म्हणाले, “बास. दोन ठेवायचेत.” बाकीच्यांचे मोबाईलवर काढून मशिनीवर छापून दिले. लोक हिरमुसले. ह्या माणसानं आजवर गिऱ्हाईक परत धाडलेलं मी बघितलेलं नाही. दोन फोटो कुणासाठी ठेवायचेत?

संध्याकाळी भाजी निवडत होते तर मागून आवाज आला. “ती मोरपंखी साडी कुठं हाय गं?”

“कावून?” मी विचारलं.

“काही न्हाई. सहज.”

ती साडी माझ्या भावानं वास्तुशांतीला घेतलेली. सहज म्हणून पुरुषाला साडी आठवत नसते.

२६ ऑक्टोबर

सकाळी हे केस कापून आले, वर कलप लावून. भुवईवर डाग राहिला तो मी सांगितला नाही. आबांनीही न्हाव्याला घरी बोलावून गुळगुळीत दाढी करून घेतली. ब्याऐंशीव्या वर्षी! रिकामा हात डोळ्यासमोर धरून बोट दाबायची तालीम करत बसले होते. घरातल्या सगळ्या पुरुषांना एकदमच वसंत फुटला.

मग मोरीच्या खिडकीतून ऐकलं.

स्वप्ना: “साडी मोरपंखीच हवी, दादा. या फिल्मवर तोच रंग उठून दिसेल.”

हे: “उद्या सकाळी, ऊन कवळं असताना. तिला आत्ता काही बोलू नको. कळलं तर सगळं फिसकटंल.”

झालं. माझी साडी तिच्या अंगावर, शेवटचे दोन फोटो तिचे, आणि मला कळलं तर फिसकटेल. एवढं बोलून दोघं ट्रका सोडायला स्टँडवर गेली. आबा झोपले होते.

जे केलं ते इथं लिहिते. भाकरीला पीठ मळायचं होतं, पण त्याआधी भाजीला हळद टाकली होती, हात तसेच होते. कॅमेरा मधल्या खोलीत टेबलावर होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी झाडताना एका कॅमेऱ्याची पाठ उघडली होती आणि कुणाच्या तरी हळदी-लग्नाचा अख्खा रोल उजेडानं गेला होता. हे तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. म्हणजे कसं करायचं हे मला पक्कं ठाऊक.

कडी काढली, पाठ उघडली, पाकीट उपसून अंगणात नेलं आणि भर उन्हात धरलं. अंगठ्यानं दाबून आतपर्यंत ऊन जाऊ दिलं. सगळं जळू दे म्हटलं. तिनं काढलेले आठच्या आठ. मूळच नाही राहिलं तर काय नेशील पुण्याला? मग पाकीट होतं तसं बसवून कडी लावली.

भाकऱ्या आज फुगल्या. इतकं बरं वाटलं की मी आबांना गूळ-तूप जास्त वाढलं.

२७ ऑक्टोबर

लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

सकाळी आठला हे कपाट उघडून उभे. मोरपंखी साडी काढली आणि पलंगावर ठेवली. “नेस,” म्हणाले.

“कोण?”

“कोण म्हंजे? तू. आनि लौकर. ऊन चढंल.”

बाहेर अंगणात स्टूल ठेवलेलं. आबा पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी घालून खुर्चीत, मांडीवर कॅमेरा. स्वप्ना दाराआडून हसत होती. “वहिनी, एक तुमचा एकटीचा आणि एक दोघांचा. आबा काढणार आहेत. महिनाभर चाललंय यांचं. तुम्हाला आधी सांगितलं तर तुम्ही पळून जाल म्हणे.”

आबा म्हणाले, “हजारभर कोयत्यांचे फोटो काढले म्या. घरातला एकच कोयता राहिला.”

मला वाटलं, वाचेल काहीतरी. जळालं असेल ते आठांचं. हे दोन तर अजून काढायचेच आहेत. मूर्ख बाई मी, त्या क्षणालाही आशा धरून बसले होते. स्टुलावर बसले. आबांनी कॅमेरा उचलला. हात थरथरत होता, पण डोळ्याशी नेल्यावर थांबला. कळ वाजली. ह्यांनी पट्टी ओढली. दोन मिनिटं झाली. पान सोललं.

पांढरं. एक रेघ नाही, एक सावली नाही.

“परत,” हे म्हणाले आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. खांद्याला खांदा लावून. नव्या साबणाचा वास येत होता. कळ वाजली. स्वप्नानं पट्टी ओढली. दोन मिनिटं. तेही पांढरं.

तेव्हा मला समजलं. त्या कॅमेऱ्यात मूळ-बीळ काही राहतच नाही. जे काढून झालं ते ट्रकांबरोबर आणि आज्यांपाशी कधीच सुखरूप गेलं. आत होते ते फक्त न काढलेले, आणि ते माझे होते.

स्वप्नानं रिकामं पाकीट बाहेर काढलं. त्याच्या काळ्या पाठीवर हळदीचा अंगठा उमटला होता, रेषांसकट. तिनं तो बघितला. माझ्याकडं बघितलं. आणि ओढणीच्या टोकानं पुसून टाकला, हे वळायच्या आत.

“माझीच चूक, दादा,” ती म्हणाली. “मुदत संपून इतकी वर्षं झालेली फिल्म. शेवटचे कागद असेच जातात.”

हे तिला म्हणाले, “तू कावून वाईट वाटून घेतीस?” तिची समजूत काढत बसले. माझ्या पापावर ती पांघरूण घालत होती आणि समजूतही तिचीच निघत होती, आणि हे बघून मला, देवाशपथ, पुन्हा तिचाच मत्सर वाटला. चांगुलपणाही हिनंच घ्यावा.

आबा दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून त्या हातांकडंच बघत राहिले.

२८ ऑक्टोबर

ती गेली. माजलगावच्या गाडीपर्यंत पिशवी मीच नेली, हे काय सुचलं देव जाणे. गाडीत चढताना हळूच म्हणाली, “वहिनी, पुन्हा कधी आत बघावंसं वाटलं तर मला सांगा. अंधारात उघडून दाखवीन.”

राग नाही, काही नाही. एक शिवी दिली असती तर मी तिला माफ केलं असतं.

३० ऑक्टोबर

आबा चहाची कपबशी घेत नाहीत. ग्लासात द्या म्हणतात, सांडतो. कधी सांडला नव्हता. आज ह्यांना बोलावून म्हणाले, “त्यो कॅमेरा त्या पोरीला धाडून दे. म्या दाबताना हलिवला आसंल. हात ऱ्हायला न्हाई माजा.”

ह्यांचं दुःख मी गिळलं असतं. तिचे उपकारही, कसेबसे. पण हे माझ्यानं गिळवेना. हे दुकानात गेल्यावर मी आबांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. साडी, खिडकी, ऊन, अंगठा. आयुष्यात सासऱ्यांपुढं इतकं कधी बोलले नव्हते.

आबांनी उजवा हात समोर धरून तो उलटासुलटा बघितला.

“म्हंजी हात बरा हाय माजा,” म्हणाले.

“हाय, आबा.”

“मंग कपात आन चहा.” मी उठले तर म्हणाले, “सोम्याला तूच सांग. म्या न्हाई सांगनार.”

दुपारी दुकानात जाऊन सांगितलं. हे लॅमिनेशन करत होते. ऐकून घेतलं. मशिनीत अडकलेलं कार्ड काढलं. दुसरं घातलं.

१ नोव्हेंबर

दोन दिवस घरात आबांमार्फत कारभार. “आबा, तिला म्हणावं मीठ कमी हाय.” आबा माझ्याकडं बघून म्हणायचे, “ऐकलंस न्हवं.”

आज दुपारी आबा जेवून पडले होते. मी चुलीपुढं, हे पाटावर. ताटाकडं बघतच बोलले.

“बावीस वर्सं झाली. किती बारी कॅमेरा धरला तुज्याकडं, ध्यानात हाय का? देवळात धरला, तळ्यावर धरला. प्रत्येक बारी तोंड फिरिवतीस. पदर पुढं वढतीस. मंग म्या धरायचंच सोडलं.”

मी थांबले. भाकरी करपत होती. कितीदा ते मला आठवेना, पण देवळातलं आठवलं. तळ्यावरचंही. मीच म्हटलं होतं, माझं तोंड फोटोत सुजल्यासारखं येतं, फिल्म कशाला घालवता.

“आधी सांगितलं असतं,” हे म्हणाले, “की त्यातला एक तुजा हाय, तर बसली असतीस?”

हो म्हणणं सोपं होतं. ह्यांनाही तेच ऐकायचं होतं बहुतेक.

“न्हाई,” मी म्हटलं. “भाकऱ्या राहिल्यात म्हटलं असतं.”

ह्यांनी घास खाली ठेवला आणि पहिल्यांदा मान वर केली. कपाळाला पीठ, डोळे धुरानं लाल, केस कसेतरी. मी कशी दिसत होते ते मला ठाऊक आहे. हे बघत राहिले. हातात काही नव्हतं, फक्त बघत होते.

मी तोंड फिरवलं नाही.